खंडेनवमीच्या किल्ल्या

खरं सांगा, तुमचा पासवर्ड तुम्ही कुठे लिहून ठेवला आहे?

लाजू नका. मी सगळं पाहिलं आहे. देवघराच्या फळीच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेला पासवर्ड पाहिला आहे. मोबाइलमध्ये ‘पासवर्ड मामा’ नावाने साठवलेला पाहिला आहे, आणि त्या मामांना चुकून लागलेले फोनही पाहिले आहेत. ताम्हिणीच्या रस्त्यावर एका रिसॉर्टच्या काउंटरमागे भिंतीवर जाड अक्षरात पासवर्ड चिकटवलेला होता. मी म्हटलं, हे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक वाचतंय. मॅनेजर म्हणाला, “वाचू द्या की म्याडम. इथं नेटवर्कच न्हाई, करणार काय ते?”

महाळुंग्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी सहा वर्षं काम करते आहे. काम एका वाक्यात सांगायचं तर मी किल्ल्या सांभाळते. माणसांच्या थोड्या, सॉफ्टवेअरच्या जास्त. एका सॉफ्टवेअरला दुसऱ्याकडून माहिती हवी असली की त्याला ओळख पटवावी लागते. त्यासाठी दुसरं सॉफ्टवेअर पहिल्याला एक टोकन देतं. शाळेत असताना आमच्याकडे एसटीचा पास असायचा, तसंच हे. कंडक्टर तुमचं नाव, गाव, जात विचारत नाही. पास बघतो, तारीख बघतो, आत घेतो. तारीख उलटली की तुम्ही कितीही जुने प्रवासी असा, खाली उतरा. मुदत का घालायची? तर पास चोरीला गेला तरी चोराने जन्मभर फुकट फिरू नये म्हणून.

हे सगळे पासवर्ड आणि टोकन ज्या एका सुरक्षित सॉफ्टवेअरमध्ये कुलपात राहतात, त्याला आमच्या ऑफिसात आम्ही ‘पेटी’ म्हणतो. पेटीत प्रत्येक किल्लीसमोर तिची मुदत लिहिलेली असते. मुदत संपायच्या आधी नवी किल्ली आणून जुनीच्या जागी ठेवायची. एवढंच काम. ते नीट झालं तर कोणाला कळतही नाही, आणि चुकलं तर माझ्या आधी भलत्यालाच कळतं.

या कामात माणसं भेटतात ती मुदतीवर चिडलेलीच. नांद्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त गृहस्थ, पाण्याच्या मीटरचं आमचं सॉफ्टवेअर वापरतात. पहिल्या वर्षी मी त्यांना दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावायचे. नियम होता. एकदा त्यांनी मला समोर बसवून विचारलं, “मॅडम, माझं नाव दर महिन्याला बदलतं का?”

“नाही.”

“सही बदलते?”

“नाही.”

“मग मी एकच शब्द ठेवलाय आणि पुढे महिन्याचा आकडा लावतो. एक, दोन, तीन. तुम्हीही खूश, मीही खूश. चोर काय बारापर्यंत मोजू शकत नाही का?”

मी भांडले. मग घरी जाऊन वाचलं, विचार केला, आणि त्यांचंच बरोबर निघालं. माणसाला उगाच दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावलं की तो कमकुवत पासवर्ड करतो. मी नियम बदलून घेतला आणि त्यांना तसं कळवलं. सॉफ्टवेअरच्या टोकनची गोष्ट मात्र वेगळी. सॉफ्टवेअरला कंटाळा येत नाही. त्याची मुदत लहान ठेवलेलीच बरी. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी जे केलं ते आता सांगते. माझ्या चुकीचा आळ यासीनभाई नावाच्या एका सरळ माणसावर आला होता आणि त्यांचं काम जाणार होतं.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील गिरणीतून आल्यावर पत्रकं लिहायचे. पाण्याच्या टाकीबद्दल, रेशनबद्दल, शाळेतल्या मास्तरांच्या जागेबद्दल. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या पत्रकांच्या उरलेल्या गठ्ठ्यांवर. त्यामुळे चुकीचं काही दिसलं की हात शिवशिवतात. कंपनीत आल्यावर पहिल्याच खंडेनवमीला मी पाहिलं, की आमचे मालक मंगेश सर सर्व्हरच्या कपाटाला झेंडूचा हार घालून समोर नारळ फोडत आहेत. नारळाचं पाणी वायरीवर उडालं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “सर, यंत्राला नारळ नको असतो, देखभाल लागते.”

मंगेश सर शांत माणूस. मूळचे महाळुंग्याचेच, अजून थोडी जमीन बाळगून असलेले. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, “माझे वडील आज नांगर, विळे, कुऱ्हाडी धुऊन, धार लावून पाटावर मांडायचे. धार आधी, हळदकुंकू नंतर. तू सांग, आपल्याकडे धार लावायची म्हणजे काय करायचं?”

मला उत्तर सापडलं, आणि फार आवडलं. मी म्हटलं, या दिवशी पेटीतल्या सगळ्या किल्ल्या बदलायच्या. बहुतेक टोकनं एका वर्षाची मिळतात. एकदा खंडेनवमीला सगळी नवी केली की पुढच्या खंडेनवमीपर्यंत बघायला नको. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे ती प्रथाच पडली. सकाळी दहाला सगळे जमायचे, मी एकेक किल्ली नवी करायचे, सर नारळ फोडायचे, पेढे. ज्या कामाला एरवी सगळे टाळतात ते काम सणासारखं व्हायचं. ग्राहकांना आम्ही अभिमानाने पत्र पाठवायचो. मला वाटायचं, एका पूजेचं मी देखभालीत रूपांतर केलं. वडिलांनाही सांगितलं. ते म्हणाले, “चांगलं आहे. पण दिवसावर विसंबून राहू नकोस.” मला वाटलं, त्यांना सण नको आहे म्हणून म्हणतात.

आता यासीनभाई. मुळशी तालुक्यात चार लहान दवाखाने आणि एक रुग्णवाहिका चालवणारी एक संस्था आमची ग्राहक आहे. पौडला तिची एक खोली आहे, खोलीत एक फोन, एक पडदा आणि यासीनभाई. आधी बरीच वर्षं ते रुग्णवाहिकाच चालवायचे. पाठ दुखायला लागल्यावर फोनवर बसले. तालुक्यातल्या प्रत्येक वाडीचा रस्ता त्यांना पाठ. कोणाला साप चावला की माणसं त्यांना फोन करतात. यासीनभाई पडद्यावर बघतात, कोणत्या दवाखान्यात सापाच्या लसीच्या किती बाटल्या आहेत, आणि तिथे पाठवतात. भात पिवळं पडायला लागलं, बांधावर गवत कापायला बाया वाकल्या, की त्यांचा फोन गरम राहतो.

तो पडदा आमचा. दवाखान्यातल्या सिस्टर साठ्याची नोंद वेगळ्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये करतात. आमचं सॉफ्टवेअर टोकन दाखवून तिथून दर पाच मिनिटांनी आकडे आणतं आणि यासीनभाईंना दाखवतं. घाटाकडे नेटवर्क सारखं जातं. मग आकडे यायचे नाहीत आणि पडदा कोरा व्हायचा. यासीनभाई म्हणाले होते, “कोरा पडदा बघून जीव घाबरतो ताई. मागचा आकडा तरी ऱ्हाऊ द्या.” मी मान्य केलं. मागचा आकडा राहू दिला. तो आकडा किती वाजताचा आहे ते कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचं ठरलं होतं. पण बारीक अक्षर वाचता येईना आणि मोठं मावेना, म्हणून मीच ते काढून टाकलं. शिवाय नेटवर्क सारखं जातं म्हणून, माहिती आली नाही तर आमच्या ऑफिसात वाजणारी घंटाही त्या एका ग्राहकासाठी बंद करून ठेवली होती.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या वर्षी, भाताच्याच दिवसांत, ताम्हिणीच्या अलीकडच्या एका वाडीतून सकाळी यासीनभाईंना फोन आला. ताराबाई नावाच्या बाईंना बांधावर घोणस चावली होती. फोनवर त्यांची सून होती. यासीनभाईंनी पडदा पाहिला. घाटाकडचा दवाखाना जवळचा, तिथे सहा बाटल्या. खात्रीसाठी त्यांनी सिस्टरांना फोन लावला. लागला नाही, घाटात बऱ्याचदा लागत नाही. त्यांनी सुनेला सांगितलं, “सहा हायेत तितं. जीप करा आन् निगा. पाय हलवू देऊ नका.”

जीप पोचली. सिस्टर दारात आल्या आणि त्यांनी सांगितलं की लस नाही. आदल्या दिवशी दुपारी दुसऱ्या एका रुग्णाला सगळी लागली होती. त्यांनी तशी नोंदही लगेच केली होती: शून्य. त्यांनी ताराबाईंना झोपवलं, सलाईन लावलं, आणि दवाखान्याच्या मागच्या टेकाडावर चढून, जिथे रेंज येते तिथून, यासीनभाईंना फोन केला. यासीनभाईंनी धरणाच्या बाजूच्या दवाखान्याला फोन करून तिथल्या कंपाउंडरला लसीचा डबा घेऊन मोटरसायकलवर काढलं, आणि घाटाकडच्या सिस्टरांना ताराबाईंना जीपमध्ये घालून समोरून निघायला सांगितलं. रस्त्यातल्या एका ढाब्याच्या मागच्या खोलीत, बाजेवर, सिस्टरांनी लस दिली. ताराबाई वाचल्या. पण उशीर झाला तो झालाच. पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली.

त्याच दिवशी दुपारी मी महाळुंग्यात माझ्या खुर्चीवर होते आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं. नांद्याच्या सेक्रेटरींचा फोन आला. मीटरचे आकडे आठवड्यातून एकदा, मंगळवारी येतात, ते आले नव्हते. “मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर झोपलंय.” मी पेटी उघडली. त्यांच्या टोकनची मुदत आदल्या दिवशी संपली होती. त्याच तारखेच्या आणखी वीसेक किल्ल्या खाली लाल दिसत होत्या. मी मनात म्हटलं, अरे, या कशा संपल्या? सगळ्यांवर खूण केली, बटण दाबलं, नव्या आणल्या. दहा मिनिटांचं काम. सेक्रेटरींना फोन केला, “उठवलं.” आणि चहाला गेले. त्या वीसांत कोणाकोणाच्या किल्ल्या होत्या, हे मी वाचलं नाही.

दोन दिवसांनी यासीनभाईंचा फोन आला. ते कधी कामाशिवाय बोलत नाहीत. पण त्या दिवशी आधी माझी, मग आईची तब्येत विचारली. मग म्हणाले, “ताई, एक इचारू का? तुमचा पडदा कदी खोटं बोलतो का?”

मी म्हटलं, “नाही.”

विचारही केला नाही. आमच्या कामावर कोणी शंका घेतली की माझ्या तोंडून तेच निघतं.

“बरं,” ते म्हणाले. “मग माझीच नजर फिरली आसंल.”

“झालं काय?”

त्यांनी सांगितलं. संस्थेच्या समितीने चौकशी केली होती. सिस्टरांच्या नोंदीत आदल्या दिवसापासून शून्य. त्याच दिवशी संध्याकाळी समितीच्या माणसाने पौडला येऊन पडदा पाहिला, तिथेही शून्य. मग सहा आले कुठून? यासीनभाई म्हणत होते, मी सहाच बघितले. सगळ्यांचं म्हणणं, वय झालं, डोळे कमी झाले, किंवा पडदा न बघताच सांगून टाकलं असेल. शनिवारी बैठक होती. त्यांना फोनवरून काढून गोदामात बसवायचं जवळजवळ ठरलं होतं.

“गोदामात बसायचं मला काय न्हाई,” ते म्हणाले. “पर त्या बाईच्या लेकाला काय वाटंल? यासीननं बघितलं न्हाई म्हणून आईची बोटं गेली, आसंच वाटंल ना? गावात तेच चाललंय.”

फोन ठेवल्यावर मी आमच्या सॉफ्टवेअरची रोजनिशी उघडली. सॉफ्टवेअर स्वतःची रोजनिशी लिहितं, मिनिटामिनिटाची. सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला पहिली ओळ: परवानगी नाकारली. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मंगळवारी दुपारपर्यंत ओळीच ओळी, सगळ्या तशाच. मग एक वेगळी ओळ: नवीन टोकन. त्यासमोर माझं नाव. आणि त्याच्या पुढच्याच मिनिटाला घाटाकडचा आकडा सहावरून शून्यावर आलेला.

म्हणजे पडदा एक दिवसाहून जास्त वेळ खोटं बोलत होता, आणि तो खरं बोलायला लागला तो मी बटण दाबल्यावर. ज्याच्या जोरावर यासीनभाई निर्दोष ठरले असते तो पुरावा मी चहाला जायच्या घाईत पुसून टाकला होता.

पण संपल्या कशा? दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, बदलायच्या होत्या, आणि दसरा तर अजून व्हायचा होता. मुदतीच्या महिनाभर आधीपासून पेटी रोज इशारा देते. तो आला होता. महिनाभर रोज आला होता. दर वर्षी येतो. आणि दर वर्षीप्रमाणे मी, माझ्या शेजारच्या दोघांनी, सगळ्यांनी त्याच्यापुढे तेच उत्तर लिहून तो बाजूला सारला होता: दसऱ्याला करू.

मला ते कोडं सुटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पौडला गेले. यासीनभाईंना रोजनिशीचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली. सोमवार, दहा वाजता. मग खुर्ची मागे सारून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले.

“ह्या किल्ल्या तुमी गेल्या खंडेनवमीला केल्या?”

“हो.”

“आन् वरीसभराच्या?”

“हो.”

“ताई, औंदा धोंडा व्हता.”

“म्हणजे?” मी विचारलं. ते म्हणाले, “माझ्या भावाचं भांड्याचं दुकान हाय बाजारात. धोंड्याच्या महिन्यात जावयांना द्यायला माणसं तबकं न्हेतात. औंदा दुकानात एक तबक ऱ्हायलं न्हाई. म्हणून मला ध्यान हाय. धोंडा आला की तुमचा दसरा म्हागं सरकतो. आत्ता तर पितर चालल्यात, नवरात्र अजून बसायचं हाय. तुमची किल्ली तारखेवर चालती, दसरा तिथीवर येतो.” मग जरा हसले. “आमचं बरं हाय. आमच्यात धोंडाच न्हाई. ईद आपली दर वर्षी धा-अकरा दिस म्होरं म्होरं. तुमचं दोन वर्सं म्होरं जातं आन् तिसऱ्याला कुणीतरी शेपूट धरून म्हागं वडतं.”

ज्यांच्या घरी पंचांग नसतं त्यांच्यासाठी सांगते. चांद्र वर्ष आपल्या तारखांच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. म्हणून पहिली दोन वर्षं खंडेनवमी मुदतीच्या आधीच आली, आणि किल्ल्या शिल्लक मुदत असतानाच बदलल्या गेल्या. आम्हाला वाटलं, पद्धत अचूक आहे. तिसऱ्या वर्षी अधिक महिना, म्हणजेच धोंडा, आला आणि खंडेनवमी मुदतीच्या जवळजवळ तीन आठवडे पुढे गेली. वर्षभराची किल्ली वर्षभरच चालली. ती गेल्या खंडेनवमीच्या सकाळी, पेढे वाटायच्या वेळेला दिली होती. बरोबर त्याच वेळेला ती मेली.

पंचांग मानत नाही म्हणून मी ते बघितलं नाही, असं म्हणायची सोयसुद्धा मला नव्हती. आमच्या वस्तीत धम्मचक्र प्रवर्तन दिन काही घरं विजयादशमीला पाळतात आणि काही चौदा ऑक्टोबरला. माझे वडील तारखेचे. त्यावर त्यांनी एक अख्खं पत्रक लिहिलं होतं, आणि त्याच्या घड्या मी घातल्या होत्या. तारीख आणि तिथी यांत अंतर पडतं, हे मला घड्या घालतानाच कळलेलं होतं. ते मी ऑफिसात शिरताना दारातच काढून ठेवलं.

मी त्याच दिवशी ऑफिसात जाऊन मंगेश सरांना सगळं सांगितलं.  त्यांनी संस्थेला पाठवायच्या पत्राचा मसुदा केला. मला वाचायला दिला. त्यात होतं: काही तांत्रिक कारणास्तव काही काळ माहिती अद्ययावत होऊ शकली नाही.

“सर, यात चूक कोणाची ते कळत नाही,” मी म्हटलं.

“कळू नये म्हणूनच अशी वाक्यं असतात, सुजाता.”

“मग यासीनभाई?”

“त्यांना काढू नका असं मी तोंडी सांगतो. मी ओळखतो समितीतल्या लोकांना.”

“ओळखीने ते कामावर राहतील. पण बोटं कोणामुळे गेली, हे गावाला कसं कळणार?”

“आणि आपण काय करायचं? अकरा माणसं आहेत इथं. हे काम गेलं तर दोघांना तरी घरी बसवावं लागेल. तू सांगशील त्यांना?”

  पत्रकात सगळं सोपं असतं. एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला ते. इथे समोर माझीच माणसं होती, आणि माझ्या बाजूला माझी चूक. मी एवढंच म्हटलं, की मग मी माझ्या नावाने लिहिते, तुम्ही मला काढून टाका, कंपनीवर येणार नाही.

ते म्हणाले, “हे हुतात्मा व्हायचं बंद कर आधी. त्या पूजेत तू एकटी नव्हतीस.” मसुद्याचा कागद त्यांनी परत घेतला, फाडला नाही, घडी घालून खिशात ठेवला. “लिही तू. सगळं लिही. खाली आधी माझं नाव, मग तुझं. नारळ मी फोडला होता.”

शनिवारच्या बैठकीला आम्ही दोघं गेलो. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टरबाई आहेत. यासीनभाई दाराजवळच्या खुर्चीवर, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. मी एक पान वाचून दाखवलं. किल्ली म्हणजे काय, ती कधी मेली, इशारे कोणी बाजूला सारले, पडद्यावरची वेळ कोणी काढली, पुरावा कसा पुसला गेला. जिथे ‘मी’ होते तिथे ‘मी’ लिहिलं होतं.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे पंचांग चुकलं म्हणायचं.”

“पंचांग बरोबर होतं,” मी म्हटलं. “मी बघितलं नाही.”

डॉक्टरबाई यासीनभाईंकडे वळल्या. “यासीन, तुम्ही हे ठामपणे आधीच का नाही बोललात?”

“बोललो व्हतो म्याडम,” यासीनभाई म्हणाले. “सहा बघितले, आसं तीनदा बोललो. तुमी मला डोळ्याच्या डॉक्टरकडं धाडलं.”

 डॉक्टरबाईंनी विचारलं, “काय सांगितलं त्यांनी?”

“डोळे चांगले हायेत म्हणाले.”

यासीनभाई फोनवरच राहिले. ते पान समितीने चारही दवाखान्यांत लावलं आणि वाडीत वाचून दाखवलं. पाचव्या दवाखान्याचं काम आम्हाला मिळणार होतं, ते दुसऱ्या कंपनीला दिलं. त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे कोणाला घरी बसवावं लागलं नाही, पण त्या वर्षी पगारवाढ कोणाचीच झाली नाही आणि मधल्या सुट्टीत बरेच दिवस माझ्याशी कोणी मोकळं बोललं नाही.

आता किल्ल्या तीन महिन्यांच्या असतात. सगळ्या एकाच दिवशी संपत नाहीत. प्रत्येकीसमोर एका माणसाचं नाव असतं, आणि तो रजेवर गेला तर दुसऱ्याचं. इशारा बाजूला सारायचा असेल तर पुढची तारीख टाकावी लागते, सणाचं नाव चालत नाही. यासीनभाईंच्या पडद्यावर आकड्यापेक्षा मोठ्या अक्षरात वेळ दिसते, आणि माहिती तासाभराहून शिळी झाली की आकडा जातो आणि तिथे ‘माहीत नाही’ असं येतं. मग यासीनभाई एकाऐवजी दोन्ही बाजूंनी माणूस काढतात. ‘माहीत नाही’ म्हणता येणं ही सॉफ्टवेअरची लायकी आहे, असं मला आता वाटतं. खंडेनवमीला सर अजून नारळ फोडतात. मी पेढा खाते. किल्ल्यांना हात लावत नाही.

एक भेट राहिली होती. मी दोनदा ठरवून टाळली. तिसऱ्यांदा यासीनभाईच मला गाडीवर मागे बसवून ताराबाईंच्या वाडीत घेऊन गेले. त्या ओट्यावर पाय लांब करून तांदूळ निवडत होत्या. मी जे सांगायचं ते सांगितलं. माझी चूक होती, असं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

“तूच व्हय ती,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं बाप्या आसंल.”

सून म्हणाली, “आत्या, ती माफी मागतीया.”

“आईकतीया मी.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बोटांचं ऱ्हाऊ दे. चिखलात पाय ठरत न्हाई, लावणीला उतरता येत न्हाई, त्येचं वाईट वाटतं. पर मी ह्या पोरीला तवापसून एकच बोलतीया. यासीननं सांगितलं सहा हायेत, आन् ही निगाली. आगं, सहा कदीचे? सकाळचे का कालचे? येवढं इचारायला पैसं पडत व्हतं का? बाजारात आपुन मासळी घेताना इचारतो का न्हाई, कदीची हाय म्हणून?”

सून खाली बघत होती. यासीनभाई म्हणाले, “तिनं इचारलं आसतं तर मलाबी सांगता आलं नसतं, मावशी.”

“न्हाई सांगता आलं, तर दोन जागी फोन केला आसतास.”

 आमच्या पेटीत, रोजनिशीत, इशाऱ्यांत जो प्रश्न कोणीच विचारला नव्हता, तो त्या बाई तांदूळ निवडता निवडता विचारत होत्या.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते हा अंक खाली ठेवल्यावर पहिल्याच दिवशी करा. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, तलाठ्याकडे, बँकेत, कोणीही पडद्याकडे बघून तुम्हाला काही सांगितलं की विचारा: हे कधीचं आहे? किती वाजताचं? समोरच्याला सांगता आलं नाही तर त्याच्यावर रागावू नका. त्याला बहुधा कोणी सांगितलेलंच नाही. पण त्याला म्हणा, मी थांबते, तुम्ही फोन करून विचारा. आणि तो फोन होईपर्यंत काउंटरवरून हलू नका.